अफगाण व्हिग्जचा 'अनब्रेकेबल' : सोळा वर्षं एका सीडीत मावतात का?

निशाचर
नव्वदच्या दशकातल्या अमेरिकन रॉकवर इथे आधी बरंच बोलून झालंय, पण निर्वाना, पर्ल जॅम, साउंडगार्डन यांच्यापुढे गाडी सरकतच नाही, म्हणून हा धागा मुद्दाम काढतोय. बँडचं नाव द अफगाण व्हिग्ज, गाव सिनसिनाटी, राज्य ओहायो. १९८६ साली जमलेली मंडळी : ग्रेग डली गायला आणि गिटारला, रिक मॅकॉलम लीड गिटारवर, जॉन कर्ली बेसवर आणि ड्रमवर स्टीव्ह अर्ल (कंट्रीवाला स्टीव्ह अर्ल वेगळा, गोंधळ करू नका). सिअॅटलच्या सब पॉप लेबलने आपल्या वायव्येकडच्या मुलखाबाहेरचे जे पहिले काही बँड घेतले त्यांतला हा एक, त्यामुळे कपाळावर ग्रंजचा (सिअॅटलकडच्या गोंगाटी गिटार-रॉकचा) शिक्का बसला तो बसलाच.

२००१ मध्ये बँड फुटला. भांडण वगैरे काही नाही, सगळे वेगवेगळ्या शहरांत राहायला लागले होते आणि ते जमेना. मग २००७ मध्ये ऱ्हाइनो या रेकॉर्ड कंपनीने 'अनब्रेकेबल : अ रेट्रोस्पेक्टिव्ह १९९०-२००६' हा संग्रह काढला. अठरा गाणी, त्यातली दोन ('आय अॅम अ सोल्जर' आणि 'मॅगझिन') खास या संग्रहासाठी २००६ मध्ये एकत्र येऊन केलेली.

आता माझा मुद्दा. या बँडबद्दल जिथे वाचाल तिथे एकच गोष्ट ठरलेली असते, की सुरुवातीला गोंगाटी ग्रंजवाले होते आणि मग हळूहळू सोलकडे, म्हणजे काळ्या अमेरिकन गायकांच्या भावनेने ओथंबलेल्या गायकीकडे, वळले. मला हे साफ चुकीचं वाटतं, आणि 'अनब्रेकेबल' ऐकल्यावर तर फारच. कारण या संग्रहातली गाणी काळाच्या क्रमाने लावलेलीच नाहीत. सुरुवातीच्या दिवसांतलं खरखरीत, गिटार ओरबाडणारं गाणं वाजतं आणि मग अचानक १९९८ च्या 'नाइन्टीन सिक्स्टीफाइव्ह' अल्बममधलं मऊ, लाडात आलेलं गाणं शेजारी येऊन बसतं, आणि कान दचकायला हवा तर तसं काही होतच नाही. दोन्हीकडे तोच माणूस आहे जो समोरच्याला पटवायला, मनवायला, घाबरवायला आणि शेवटी माफी मागायला गातोय. ही सोल गायकाची रीत आहे, आणि ती पहिल्यापासून होती, फक्त आधी तिच्यावर गिटारचा थर जाड होता.

पुरावा हवा असेल तर १९९२ चं 'अपटाउन अॅव्हनडेल' ऐका. सब पॉपवरच असताना, म्हणजे ग्रंजचा बाजार अगदी तापलेला असताना, या लोकांनी चार सोल गाण्यांची ईपी (छोटी रेकॉर्ड) काढली : फ्रेडा पेनचं 'बँड ऑफ गोल्ड', सुप्रीम्सचं 'कम सी अबाउट मी', अल ग्रीनचं 'बिवेअर' आणि पर्सी स्लेजने गायलेलं 'ट्रू लव्ह ट्रॅव्हल्स ऑन अ ग्रॅव्हल रोड'. बाकीचे बँड तेव्हा ब्लॅक सॅबथ आणि नील यंगच्या नावाने शपथा घेत होते आणि हे मोटाउन (सुप्रीम्सचं सोल लेबल) घेऊन उभे. 'कम सी अबाउट मी' या संग्रहातही आहे. सुप्रीम्सचं १९६४ चं मूळ गाणं आधी लावा, डायना रॉस रडायचे शब्द हसऱ्या चालीत गाते, मागे टाळ्यांचा ठेका, सगळं चकचकीत. मग डलीचं लावा. तो हसरेपणा पूर्ण काढून टाकतो आणि खाली दबलेली काकुळती तेवढी वर येते. गाण्याच्या आत जे होतं तेच त्याने बाहेर काढलं, बाहेरून काही चिकटवलं नाही.

कोणी ऐकलंय का इथे? मतं मांडा, विरोध असेल तर जास्त चांगलं.

काळाघोडा_लोकल
वा, या बँडवर मराठीत धागा बघून बरं वाटलं. नव्वदीत आपल्याकडे टीव्हीवर जे दिसायचं तेच ऐकायला मिळायचं, त्यामुळे हे लोक मला फार उशिरा सापडले, तेही 'ब्यूटिफुल गर्ल्स' या १९९६ च्या सिनेमामुळे. त्यात बारमध्ये एक बँड वाजवत असतो, तो हाच. बॅरी व्हाइटचं 'कान्ट गेट इनफ ऑफ युअर लव्ह, बेब' वाजवतात आणि ते इतकं मनापासून वाजवतात की मला वाटलं हे कुठले तरी जुने सोलवालेच असणार. नंतर कळलं की हे पर्यायी रॉकवाले.

तुझ्या मुद्द्याशी सहमत. ते टीएलसीचं 'क्रीप'सुद्धा त्यांनी केलंय, १९९६ मध्येच, म्हणजे मूळ गाणं येऊन दीडदोन वर्षंच झाली असतील. तेव्हा गिटारवाले बँड रेडिओवरच्या आर अँड बीकडे (सोलच्या पुढच्या पिढीकडे) नाक मुरडून बघायचे, केलंच तर चेष्टा म्हणून करायचे. यांनी चेष्टा केली नाही, हा मला सगळ्यात मोठा फरक वाटतो.

षड्जपंचम
निशाचर, तुमची पोस्ट वाचून दोन-तीन गाणी ऐकली. लेखन छान, पण स्पष्टच सांगतो, हा गृहस्थ बेसूर गातो. 'डेबोनेअर'मध्ये वरच्या सुरांवर जातो तेव्हा चक्क खाली लागतो आणि ओढून ताणून वर नेतो. मी अल ग्रीन ऐकलेला आहे, मार्व्हिन गे ऐकलेला आहे, त्यांचे सूर म्हणजे मलमल. सोल म्हणायचं तर निदान सूर तरी लागायला नको का? दुसऱ्याला आवडत असेल तर आनंद आहे, पण मला कान बंद करावेसे वाटले.

निशाचर
@षड्जपंचम, नाही, तुमची तक्रार रास्त आहे, डलीच्या कट्टर चाहत्यांनाही हे माहीत असतं. वरच्या पट्टीत त्याचा आवाज फाटतो आणि सूर निसटतो. पण सोलमध्ये सगळं मलमलच असतं असं नाही हो. पर्सी स्लेजचं 'व्हेन अ मॅन लव्ह्ज अ वुमन' घ्या, १९६६ चं, जगभर वाजलेलं. त्यातला ब्रास (मागची ट्रम्पेटसारखी फुंकून वाजवायची वाद्यं) सुरात नाही. निर्मात्यांना ते खटकलं होतं, ब्रास परत रेकॉर्डही केला, पण छापताना पहिलीच टेप गेली आणि तीच नंबर एकवर पोचली. लोकांनी त्या गाण्यावर जीव टाकला तो स्लेजच्या आवाजातल्या आर्जवावर. डली त्याच घराण्यातला आहे, अल ग्रीनच्या नाही. तो स्वतः अल ग्रीनचं गाणं गातो तेव्हासुद्धा पर्सी स्लेजसारखं गातो.

आणि 'डेबोनेअर'मध्ये गळ्यापेक्षा हात ऐका. गिटार फंकसारखी (सोलच्या ठेकेबाज भावंडासारखी) तुटक तुटक वाजते, कापत जाते, आणि बेस मात्र सलग गोल फिरत राहतो. त्या दोन्हीच्या मधल्या फटीत डली ओरडतोय. ग्रंजवाल्यांच्या गिटारी भिंतीसारख्या उभ्या असायच्या, इथे हवा आहे.

षड्जपंचम
स्लेजच्या ब्रासबद्दल माहीत नव्हतं, परत ऐकलं आणि खरंच आहे. मत बदललं असं नाही म्हणणार, ब्रास एका मागच्या ओळीत असतो आणि गायक पुढे, दोन्हीला एकच माप कसं लावणार? पण बेसबद्दल म्हणालात ते पटलं. कर्ली फार समजून वाजवतो, आणि सगळं गाणं त्याच्यावर तोललेलं आहे.

ओहायोची_अनघा
मी सिनसिनाटीपासून तासाभरावर राहते, गेली बरीच वर्षं. धागा बघून राहवलं नाही. निशाचर दादा, तुमचा मुद्दा बरोबर आहे पण एक कारण राहिलं, ते म्हणजे गाव. सिनसिनाटी म्हणजे कुठलं तरी कोपऱ्यातलं गोऱ्यांचं गाव अशी बाहेर समजूत असते. इथे किंग रेकॉर्ड्स होतं! सिड नेथनने १९४३ मध्ये काढलेली कंपनी, ऑफिस, स्टुडिओ, रेकॉर्ड छापायचं मशीन, सगळं एकाच इमारतीत. जेम्स ब्राउनचं 'प्लीज, प्लीज, प्लीज' १९५६ मध्ये इथेच रेकॉर्ड झालं आणि १९६७ चं 'कोल्ड स्वेट'पण इथलंच, म्हणजे फंकचा जन्मच म्हणा ना या गावातला. आइल्ही ब्रदर्स या भागातले, बूट्सी कॉलिन्स इथला, वर तासाभरावर डेटनला ओहायो प्लेअर्स. डली शेजारच्या हॅमिल्टनचा. या पट्ट्यात वाढलेल्या पोराच्या कानावर सोल पडली नसती तरच नवल होतं.

आणि अॅव्हनडेल ही इथली खरी वस्ती आहे. मुख्यतः कृष्णवर्णीयांची, १९६७ आणि ६८ मध्ये तिथे मोठ्या दंगली झाल्या, त्या जखमा अजून पुसल्या नाहीत, रस्त्यांवरून जाताना रिकामे प्लॉट दिसतात. ईपीला ते नाव दिलंय म्हणजे ही गाणी कुठल्या मोहल्ल्याची आहेत ते त्यांना पक्कं माहीत होतं. गोऱ्या बँडने काळ्या संगीतातून घेताना निदान पत्ता तरी सांगावा असं मला फार वाटतं, आणि यांनी तो शीर्षकातच सांगितला.

(वरती आइस्ली ब्रदर्स वाचा, फोनवरून टाइप करतेय.)

निशाचर
अनघाताई, हे सगळं सोनं आहे, खूप खूप आभार. किंग रेकॉर्ड्सचं माहीत होतं पण वस्तीबद्दल इतकं नव्हतं. मी म्हणतोय त्याला तर हे दुजोराच आहे, की ही सोल यांनी मोठं झाल्यावर शौक म्हणून उचललेली नाही.

मग त्यापुढचा प्रवासही बघा. १९९३ मध्ये मोठं लेबल मिळालं, इलेक्ट्रा, पैसे आले, तर रेकॉर्डिंगला गेले कुठे? लॉस एंजेलिसला नाही, मेम्फिसला, आर्डंट स्टुडिओत. स्टॅक्स या सोल लेबलचं गाव, अल ग्रीनचं गाव. तिथे 'जेंटलमेन' झाला. पुढे १९९८ चा 'नाइन्टीन सिक्स्टीफाइव्ह' न्यू ऑर्लिन्समध्ये. म्हणजे दर वेळी पावलं दक्षिणेकडेच. ('नाइन्टीन सिक्स्टीफाइव्ह' हे डलीचं जन्मसाल.) त्यातलं 'समथिंग हॉट' सुरू होतं तेव्हा आधी काडी ओढल्याचा आवाज येतो, सिगरेट पेटते, आणि मग बँड आत शिरतो. हेडफोनवर ऐका, ती काडी अगदी कानाशी ओढली जाते.

मृण्मयी_क
मला इथे थोडा वेगळा सूर लावायचाय. 'अनब्रेकेबल' माझ्याकडे आहे, आणि माझं म्हणणं आहे की या बँडचा असा संग्रह काढणंच मुळात पटत नाही. कारण 'जेंटलमेन'. तो गाण्यांचा गठ्ठा नाहीये, एक सलग गोष्ट आहे, एका पुरुषाची, जो बाईला फसवतो, त्याला ते कळतंय, तरी तो थांबत नाही, आणि प्रत्येक गाण्यात तो स्वतःला जरा जास्त उघडं पाडत जातो. त्यातून 'डेबोनेअर' उचललं, 'जेंटलमेन' उचललं आणि दुसऱ्या अल्बममधल्या गाण्यांच्या मध्ये ठेवलं की काय उरतं? एक टेचात फिरणारा, बायकांना जाळ्यात ओढणारा माणूस. सुटी गाणी ऐकून हा माणूस नुसता बढाईखोर वाटतो, आणि अशा बढाईखोरांची रॉकमध्ये काही कमी नाही.

पूर्ण अल्बम ऐकलात तर मध्ये 'माय कर्स' येतं. ते डली गातच नाही, स्क्रॉल या बँडची मार्सी मेज गाते. डलीला स्वतःला ते गाणं गायला जमेना, इतकं ते जवळचं होतं, म्हणून तिला बोलावलं. आणि तिचा आवाज आला की सगळी बाजूच उलटते. तोवर आपण त्याच्या डोक्यात असतो, त्याच्या सबबी ऐकत असतो, आणि अचानक जिच्यावर हे सगळं चाललंय ती बोलायला लागते. ती रडत नाही, शापही देत नाही, तीसुद्धा यात अडकलेय आणि तिला ते ठाऊक आहे, हे फार भयंकर आहे. मी ते गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पुढचं गाणं लावूच शकले नाही. हे सगळं त्या क्रमात आहे, क्रम मोडला की गेलं.

कव्हरही आठवा, एक लहान मुलगा आणि एक लहान मुलगी पलंगावर, मोठ्यांच्या भांडणानंतरच्या पोझमध्ये. नॅन गोल्डिनच्या फोटोवरून घेतलेलं. मोठ्यांनी केलेली घाण मुलांच्या अंगावर. एवढं ठरवून केलेलं काम अठरा गाण्यांच्या यादीत तुकडे करून वाढायचं?

निशाचर
मृण्मयी, 'माय कर्स'बद्दल तू जे लिहिलंयस त्याला माझ्याकडे उत्तर नाही, ते तसंच आहे. 'जेंटलमेन' सलगच ऐकायला हवा, यात वादच नाही. पण संग्रहाकडून मी गोष्टीची अपेक्षा करत नाही. तो दुसरं काहीतरी दाखवतो. एकेका अल्बममध्ये शिरलं की त्या त्या अल्बमचं हवामान एवढं दाट आहे की सगळ्यांत मिळून काय वाहतंय ते दिसत नाही. 'जेंटलमेन'चा अपराध, मग १९९६ च्या 'ब्लॅक लव्ह'चा तो रात्रीचा, गुन्ह्यांच्या सिनेमासारखा अंधार, मग 'नाइन्टीन सिक्स्टीफाइव्ह'ची मौज. प्रत्येक वेळी वाटतं की बँड बदलला. गाणी अस्ताव्यस्त लावली तरच लक्षात येतं की आवाज एकच आहे.

विनायल_विनय
मी मृण्मयीच्या बाजूने. आणि काळाच्या क्रमाबद्दलही बोलायचंय. पूर्वलक्षी संग्रह म्हटला की वाढ दिसायला हवी राव. १९८८ चा त्यांचा स्वतः काढलेला पहिला अल्बम 'बिग टॉप हॅलोवीन' तर हिशोबातच नाही, संग्रह १९९० पासून सुरू. मग १९९० चा 'अप इन इट', जॅक एन्डिनो या निर्मात्याने केलेला, ९२ चा 'काँग्रेगेशन', ९३ 'जेंटलमेन', असं ओळीने ऐकलं की कळतं दर अल्बमला हे किती झपाट्याने पुढे गेले. तीनेक वर्षांत 'अप इन इट'च्या आरडाओरड्यापासून 'जेंटलमेन'पर्यंत जाणं ही चेष्टा नाही. ती वाढ झाकून ठेवल्याने बँडवर अन्याय होतो. निशाचर म्हणतो पहिल्यापासून सोल होती, ठीक आहे, बीज होतं म्हणू. पण 'अप इन इट'मध्ये ते बीज मला तरी जमिनीखालीच दिसतं.

निशाचर
'अप इन इट'मध्ये दबलेलं आहे, हे मान्य. पण 'काँग्रेगेशन' नीट ऐक ना परत. शेवटी 'माइल्स इझ डेड' आहे, जे संग्रहातही आहे. माइल्स डेव्हिस १९९१ च्या सप्टेंबरमध्ये गेला आणि त्याचं नाव शीर्षकात. गाण्याचा जॅझशी काही संबंध नाही, पण त्याचा तो खालून घोळत येणारा ठेका आणि डलीचं ते पार्टीला बोलावणं, त्यात धमकी आणि लाडीगोडी एकत्र. ग्रंजमध्ये लाडीगोडी कोण करायचं? निर्वानाचा कोबेन नाही, साउंडगार्डनचा कॉर्नेल नाही, पर्ल जॅमचा व्हेडर तर नाहीच. त्यांच्या गाण्यात दुखणं स्वतःशी असायचं. डली कायम कोणाला तरी उद्देशून गातो, समोर माणूस बसलेलाच असतो. सोलमध्ये हे नेहमीचंच, बायको, प्रेयसी नाहीतर देव, कोणीतरी समोर लागतंच.

रात्रपाळी
मी तुमच्यापेक्षा लहान आहे, मी उलट्या बाजूने आले. फ्रँक ओशनची वेडी होते, त्याचं 'लव्हक्राइम्स' शोधताना यांनी २०१२ मध्ये केलेलं रूप सापडलं. परत एकत्र आले होते त्या वर्षीचं. मूळ गाणं अंगावर रेशीम ओढल्यासारखं, यांनी ते खाली पियानोवर आणून इतकं उदास केलंय की बस. मग २०१३ मध्ये टेक्सासच्या साउथ बाय साउथवेस्ट महोत्सवात अशरबरोबर एकाच स्टेजवर! माझ्या वयाच्या लोकांना हा बँड आर अँड बीवाल्यांचा मित्र म्हणूनच माहीत आहे, ग्रंज वगैरे आम्ही नंतर वाचलं. त्यामुळे निशाचर काका, तुमचा मुद्दा आम्हाला पटवायची गरजच नाही.

एक प्रश्न, ती दोन नवी गाणी कशी वाटतात तुम्हाला सगळ्यांना? मला 'आय अॅम अ सोल्जर' खूप आवडतं.

काळाघोडा_लोकल
'आय अॅम अ सोल्जर' जबरदस्त आहे, ठेका बघ कसा चालतो. बहुतेक संग्रहांत नवी दोन गाणी म्हणजे जुन्या चाहत्यांनी परत पैसे द्यावेत म्हणून टाकलेला मसाला असतो, ऐकून विसरायचा. ही दोन तशी नाहीत. पाच वर्षं हे लोक एकत्र वाजवत नव्हते, डली ट्वायलाइट सिंगर्स या दुसऱ्या बँडमध्ये रमला होता, गायक मार्क लॅनगनबरोबर गटर ट्विन्स या जोडीचं चालू होतं, तरी एकत्र आल्यावर गंज चढलेला जाणवत नाही. मला तर वाटतं पुढच्या पुनर्मीलनाची खरी सुरुवात तिथेच झाली.

विनायल_विनय
आणि म्हणूनच 'अनब्रेकेबल' आता अर्धवट आहे. २०१४ मध्ये 'डू टू द बीस्ट', तोही परत सब पॉपवर, २०१७ 'इन स्पेड्स', २०२२ 'हाउ डू यू बर्न?'. मॅकॉलम 'डू टू द बीस्ट'च्या आधीच बाहेर पडला, जुन्यांपैकी डली आणि कर्लीच उरले. गिटारवाला डेव्ह रॉसर २०१७ मध्ये कॅन्सरने गेला. लॅनगन २०२२ च्या फेब्रुवारीत गेला, शेवटच्या अल्बममध्ये त्याचा आवाज आहे. हे सगळं धरून नवा संग्रह यायला हवा, आणि या वेळी क्रमाने.

ओहायोची_अनघा
विनय, नव्या अल्बममध्येही सोल आहे पण मॅकॉलमची स्लाइड गिटार (तारांवरून नळी सरकवत वाजवलेली) नाही, ती मला फार जाणवते. त्याची स्लाइड हा बँडचा दुसरा गळाच होता. डली जिथे ओरडायचा तिथे ती मागून रडायची. 'फेडेड'चा शेवट ऐका म्हणजे कळेल.

निशाचर
'फेडेड'! बरं झालं काढलंत, मी मूळ पोस्टमध्ये त्यावर लिहायला हवं होतं इतकं ते माझ्या मुद्द्याच्या मध्यभागी आहे. 'ब्लॅक लव्ह'चं शेवटचं गाणं, आठ मिनिटांच्या वर. पियानोवर सुरू होतं, चर्चमधल्या गाण्यासारखं सावकाश. आधीच्या सगळ्या गाण्यांत खून, सूड, जाळपोळ झालेली असते आणि इथे तो माणूस गुडघ्यावर येतो. ड्रम येतात, आवाज चढत जातो, चढत जातो, आणि एका जागी शब्द संपतात, तिथून अनघाताई म्हणतात ती स्लाइड गिटार गाणं हातात घेते. गॉस्पेलमध्ये (काळ्या चर्चमधल्या भक्तिगीतांत) गायकाचे शब्द संपले की नुसता हुंकार उरतो, तशीच जागा ती. आणि षड्जपंचम, तुम्हाला एवढीच विनंती, दुसरं काही नको, हे एक गाणं पूर्ण ऐका, मध्ये सोडू नका.

षड्जपंचम
ऐकलं, पूर्ण. गळ्याबद्दल माझं मत तेच आहे. पण शेवटची दोन-अडीच मिनिटं, ती गिटार जिथे येते, ती परत लावली. मींड आहे तिच्यात, सूर एका जागेवरून दुसरीकडे तुटू न देता नेलाय, आणि नेताना घाई नाही. हा मॅकॉलम आणखी कुठे ऐकायला मिळेल ते सांगा.

निशाचर
'जेंटलमेन'मध्ये 'आय कीप कमिंग बॅक', मूळ टायरोन डेव्हिसचं सोल गाणं. आणि मृण्मयी रागावेल म्हणून सांगतो, सुटं ऐकू नका, अल्बम पहिल्या गाण्यापासून लावा, ते शेवटाकडे आपोआप येईल.

मृण्मयी_क
+१. आणि शक्यतो एकट्याने ऐका.